पंपवाला

सतरा सप्टेंबर. झेंडावंदन उरकलं,
खिशातल्या बुंदीचा भिजून लगदा झाला,
आणि माईकवर कागणे गुरुजी म्हणाले,
पाऊस थांबत नाही, तर शर्यत तरी का थांबावी?

एकवीस सायकली, पाच फेऱ्या.
शाळेचं मैदान, सोयाबीनचा बांध, ओढा,
मग पाझर तलावाचा भराव, सायकल खांद्यावर घेऊन,
मग उतार,
जिथं ब्रेक दाबणं म्हणजे नुसती मनाची समजूत.

मी ओढ्याच्या अलीकडं, बाभळीखाली,
पाठीवर फवारणीचा पंप.
सोळा लिटर साधं पाणी, तीनदा विसळून भरलेलं,
तरी औषधाचा वास येतोच.
कमरेला आईचं उलथनं, न विचारता आणलेलं.
काम एवढंच:
प्रयाग आली की चाकं मोकळी करायची.

उदगीरच्या पोरांच्या सायकली बघत राहाव्यात अशा.
प्रयागची शाळेतून मिळालेली, आठवीत.
पुढची टोपली काढली,
मडगार्ड रात्री मीच काढले, नट चहाच्या कपात ठेवले.
म्हटलं, आता चिखल अडकायचा कुठं?

काळीला जागा लागत नाही.
मुरमाचा चिखल उडतो, अंगावर येतो, धुतला की जातो.
काळी उडत नाही. काळी धरते.
आधी टायरवर बोटभर, मग चिमट्यात, मग साखळीत,
मग चाक फिरायचं सोडतं
आणि सायकल डबक्यातल्या म्हशीसारखी बसून घेते.
आमच्या शिवारात तिनं काय काय धरलंय:
दोन ट्रॅक्टर, तहसीलची जीप,
एका नवरदेवाची मोजडी.

पहिल्या फेरीला प्रयाग चौदावी.
मी तिच्याकडंच बघत राहिलो,
भुवयांपासून हनुवटीपर्यंत एकच रंग.
"काय बघलालास, मार की पाणी!"
मारलं.
दुसरीला दहावी.
तिसरीला आली ती एका बुटावर.
"बूट?"
"ओढ्यात."
आणि गेली.

चौथ्या फेरीला पंप कोरडा.
चारीतलं पाणी भरलं, नोझल चोंदलं,
तोंडानं फुंकलं, दातात वाळू आली,
दांडा हापसतोय, हापसतोय,
निघतंय काय, तर म्हाताऱ्याच्या खोकल्याएवढं पाणी.
उलथन्यानं खरवडायला बसलो
तर उलथनंच वाकलं.
ती वरून बघत होती. पाऊस तिच्या नाकावरून
माझ्या मानेत पडत होता.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली,
आणि सायकल उचलली.

चिखलासकट ती सायकल किती किलोची झाली होती
कुणास ठाऊक. प्रयाग चव्वेचाळीस किलो.
भरावावर पाच पोरं लटकलेली,
एक पाऊल वर, दीड पाऊल खाली,
महागाच्या सायकली काठीसारख्या टेकत.
प्रयागचा बुटातला पाय घसरला.
अनवाणी घसरला नाही.
तिनं खाली बघितलं.
बोटं मातीत रुतलेली, मुळं धरावीत तशी.

मग दुसरा बूट काढून तिनं भिरकावला.
माझ्या छातीवर आदळला, ओल्या विटेएवढा.
भरावावरच तिनं तिघांना मागं टाकलं,
चौथा आपणहून बाजूला झाला,
पाचवा कुणाचं तरी नाव घेऊन रडत होता, त्याला ओलांडून गेली.

नंबर आला चौथा. बक्षिसं तीन.
गुरुजींनी उत्तेजनार्थ स्टीलचा डबा दिला,
झाकणावर कुणा दुसऱ्याच मंडळाचं नाव.
घरी येताना टेंपोत तिनं माझ्या खिशातला
बुंदीचा लगदा खाल्ला,
चव बघ म्हणाली, औषधाची येतीय,
आणि खातच राहिली.
आईनं डबा बघितलाच नाही. उलथनं बघितलं.

फाल्गुनात शिवार तडकलं.
ओढ्याच्या कडेला हात जाईल एवढ्या भेगा.
तिथं एकीत, आतल्या बाजूला,
बूट. नाडी अजून बांधलेली.
खोरं लावावं लागलं नाही,
नुसता हात घातला आणि काळीनं सोडला.

घरी आणून तिच्यापुढं ठेवला.
तिनं उलटा करून आपटला, ढेकूळ पडलं
टाचेपासून अंगठ्यापर्यंत, तिच्याच मापाचं.
ते बराच वेळ हातात धरून होती.
मग म्हणाली,
"दुसरा फेकलास का रे?"

दुसरा पंपाशेजारी, खिळ्याला.
सहा महिने तिथंच होता.